बाल्कनीतला घोटाळा

आमच्या मराठीच्या सरांचा गोविंद बल्लाळ देवलांवर जेवढा विश्वास आहे, त्याच्या शतांशही तो विद्यार्थ्यांवर नाही. दुसऱ्या वर्षाला त्यांनी ‘प्रत्यक्ष पाहिलेल्या अभिजात नाटकाचे रसग्रहण’ असा वीस मार्कांचा प्रकल्प लावला आणि फळ्यावर ‘प्रत्यक्ष’च्या खाली दोनदा रेघ ओढली. यूट्यूब चालणार नाही. तिकिटाचा अर्धा तुकडा शेवटच्या पानावर चिकटवायचा. मागच्या वर्षी एकाच तिकिटाच्या रंगीत झेरॉक्स काढून अख्खा वर्ग एकाच खुर्चीवर बसला होता, हे सरांना प्रकल्प तपासून, सह्या करून, मार्क भरून झाल्यावर कळलं होतं. म्हणून यंदा तिकिटाच्या जोडीला फोटो. “नाट्यगृहात बसलेले तुम्ही आणि मागे रंगमंच. दोन्ही एकाच फोटोत दिसलं पाहिजे.”

“सर, फोटो एडिट करता येतो,” मागच्या बाकावरून कुणीतरी सरांना मदत केली.

सर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. “मग तू व्हिडिओ काढ.”

नाटकाशी माझं वाकडं होतं अशातला भाग नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ म्हणून घसा फोडायला मी कायम पुढे. पण तिथे आवाज आपण करायचा असतो. इथे गप्प बसून दुसऱ्याचा ऐकायचा, तोही तानांसकट. पूर्वी म्हणे संगीत नाटकं रात्रभर चालायची आणि मंडळी उजाडता उजाडता घरी जायची. आता कापून-छाटून ती तीन तासांत बसवतात, हे कळल्यावर मला जरा धीर आला.

त्या आठवड्यात ‘संगीत संशयकल्लोळ’ लागलं होतं. सरांच्या आज्ञेनुसार मी आधी ग्रंथालयात बसून माहिती काढली. मोलिएर नावाच्या फ्रेंच माणसानं १६६० साली बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याचा एक फार्स लिहिला. तो आर्थर मर्फी या माणसानं १७६१ मध्ये लंडनला नेला. तिथून तो देवलांनी आणला आणि १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. पुढे त्यात पदं घातली आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ते ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आणलं. देवल मात्र त्याच वर्षी, त्याआधीच गेले होते. मूळ कल्पना इतक्या हातांतून फिरलेली पाहून मला प्रकल्पाच्या दृष्टीनं फार बरं वाटलं.

“सर, देवलांनीही दुसऱ्याचंच घेतलं होतं.”

“देवलांनी घेतलं ते रूपांतर,” सर म्हणाले. “तू घेतोस ती कॉपी.”

नाट्यगृहाचं नाव सांगत नाही, मला तिथे पुन्हा जायचंय. खिडकीवर ‘विद्यार्थ्यांना सवलत, ओळखपत्र आवश्यक’ असा बोर्ड होता. आतल्या गृहस्थांसमोर प्लॅन होता : पुठ्ठ्यावर डकवलेला कागद, त्यावर खुर्च्यांचे चौकोन आणि चौकोनांवर निळ्या पेनाच्या फुल्या. मी ओळखपत्र सरकवलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. तो फोटो अकरावीला काढलेला. त्यातला मुलगा हडकुळा, गुळगुळीत आणि आयुष्याबद्दल आशावादी आहे.

“हे तुम्हीच?”

“हो.”

“दाढी?”

“नंतर आली.”

“चष्मा?”

“तोही.”

त्यांनी ओळखपत्र आतल्या दुसऱ्या गृहस्थांना दाखवलं. त्यांनी वाकून माझे कान पाहिले आणि मान डोलावली. माणसाचं सगळं बदलतं, कान बदलत नाहीत, असं काहीसं त्यांचं शास्त्र असावं. पण मला दोन तिकिटं हवी होती, कारण रूममेट सोबत येणार होता.

“दुसरे विद्यार्थी कुठे आहेत?”

“झोपलेत.”

“मग त्यांना सवलत नाही.”

एक दीडशेचं, एक तीनशेचं. महिन्याची वीस तारीख उलटून गेलेली, तेव्हा खिडकीपासून चार पावलं बाजूला होऊन मी बाबांना फोन लावला.

“साडेचारशे? कशाला?”

“नाटकाला. कॉलेजचं आहे.”

“एका माणसाला साडेचारशे?”

“दोन तिकिटं आहेत.”

पलीकडे एकदम शांतता. मग मागून आईचा आवाज, “काय म्हणतोय?” बाबांनी फोन हातानं झाकून जे काय सांगितलं ते सांगितलं, आणि फोन आईकडे गेला.

“दुसरं तिकीट कुणाचं रे?”

“रूममेटचं.”

“त्याला कधीपासून नाटकाची आवड?”

या प्रश्नाला खरोखरच उत्तर नव्हतं. आई म्हणाली, पैसे पाठवते, पण नाटकगृहात बसलास की फोटो पाठव. सरांना पाठवायचाच होता. एका फोटोत दोन परीक्षक खूश, असा हिशेब करून मी हो म्हटलं.

रविवार आला. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते आणि रात्री मेस बंद असते. म्हणजे जे काही पोटात जाणार ते दुपारीच, हे ओळखून रूममेटनं श्रीखंड-पुरीला पूर्ण न्याय दिला. पाच वाजता मी त्याला हलवलं. डोळे न उघडता तो म्हणाला, “तू हो पुढे.” हे तो सकाळच्या आठच्या लेक्चरलाही म्हणतो आणि वर्षभरात कधी मागून आलेला नाही.

नाट्यगृहाच्या दारात मी जादा तिकीट हातात धरून उभा राहिलो. एक मुलगी आली. “एक्स्ट्रा आहे?”

“आहे. तीनशे.”

तिनं तिकीट घेतलं. तारीख वाचली, वेळ वाचली, उलटं करून मागच्या नियमांवर नजर टाकली आणि उजेडाकडे धरलं. “यावर तीनशेच छापलेत.”

“हो.”

“आणि तुम्ही तीनशेलाच देताय?”

“हो.”

“का?”

दहा रुपये जास्त सांगितले असते तर बिचारी निश्चिंत मनानं आत गेली असती. शेवटी तिनं जीपेवर पैसे पाठवले, आणि माझ्या फोनमध्ये ‘टिंग’ वाजल्यावरही माझ्याकडे असं पाहिलं की ती टिंगसुद्धा मीच तोंडानं काढली असावी.

तिकिटं जोडीची, त्यामुळे खुर्च्याही शेजारी. बाल्कनीत आमच्या जागेवर एक काका आधीच बसलेले. “काका, हा नंबर…” “बसा हो कुठंही. गाणं काय नंबर बघून ऐकू येतं?” असं म्हणत ते उठले आणि मागच्या रांगेत स्वतःच्या खुर्चीवर जो इसम बसला होता त्याला त्याचा नंबर विचारू लागले. माझ्या दुसऱ्या बाजूला एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं आणि पहिल्या घंटेपासून सोलायला घेतलं. खुर्ची उघडताना मुलीचे दोन्ही हात अडकले, म्हणून तिनं आपली पाण्याची बाटली क्षणभर माझ्याकडे दिली. त्याच क्षणी दुसरी घंटा झाली. आता फोटो काढला नाही तर राहिलाच, म्हणून मी घाईघाईनं हात लांब केला. चेहरा, मागे मखमली पडदा. क्लिक. सरांना पाठवला, आईला पाठवला.

त्या फोटोत आणखी काय काय आलं होतं ते मी पाहिलं नाही. ते आईनं पाहिलं.

तिसरी घंटा झाली. भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची विनंती झाली. ऑर्गनचा सूर लागला, नांदी सुरू झाली आणि पाठोपाठ पेटीवर एक ओळखीची चाल ऐकू येऊ लागली. प्रेक्षक खूश होऊन माना डोलावू लागले. रंगमंचावरच्या ऑर्गनवाल्यांनी मात्र बावरून आपले हात पाहिले. ती चाल फोनमधून येत होती. तीनशे माणसं माना वळवून फोनचा मालक शोधू लागली. मालक मागच्या रांगेतले काकाच होते, आणि तेही सर्वांबरोबर मान वळवून अत्यंत संतापानं त्याला शोधत होते.

नाटकातली माणसं लक्षात ठेवायला मला फार सोपं गेलं. देवलांनी पुरुषांना महिन्यांची नावं दिलीत आणि बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या. आणि कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. प्रकल्पासाठी मी मोबाइलच्या मंद उजेडात नावं टिपून घेऊ लागलो.

“उजेड बंद कर रे,” काका मागून म्हणाले. “काही शिस्त?”

रंगमंचावर रेवतीला भर रस्त्यात घेरी आली. फाल्गुनरावांनी तिला सावरलं. ते नेमकं वरून कृत्तिकेनं पाहिलं. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडली, ती कृत्तिकेच्या हाती लागली, आणि बायको परक्या देखण्या पुरुषाची तसबीर न्याहाळतेय हे फाल्गुनरावांनी पाहिलं. प्रेक्षागृहात हशा. आणि माझ्या खिशात थरथर.

‘शेजारी कोण?’

मी शर्टाच्या आत फोन धरून वाचलं. अर्धा चेहरा, एक कानातलं आणि ओढणीचं टोक, एवढंच तर आलं होतं.

‘कुणी नाही.’

‘हातात बाटली कुणाची? गुलाबी. तुझी निळी आहे.’

फाल्गुनरावांनी एवढ्या बारकाईनं पाहिलं असतं तर नाटक पहिल्याच अंकात संपलं असतं. मी टाइप केलं, ‘नंतर सांगतो.’ मराठी मुलानं आईला पाठवू नये असा याहून घातक मेसेज नाही. साखरपुड्याच्या बातम्या आजवर यानंच सुरू झालेल्या आहेत. फोन लागोपाठ थरथरला. बाबा : ‘अभ्यासाकडे लक्ष असू दे.’ आई : ‘वाचलंस. निळ्या खुणा आल्यात.’ मग आईनं फोटो पुण्यातल्या मावशीकडे पाठवल्याचं मावशीच्याच मेसेजवरून कळलं. मावशीनं तो दोन बोटांनी ताणून पाहिला होता. ‘कानातलं मोत्याचं आहे. घर चांगलं वाटतं.’

“उजेड!” काका.

काकांचा गळा बरा होता, पण घाई फार. गायक समेवर यायच्या आधी काका समेवर पोचायचे आणि तिथे थांबून त्याची वाट पाहायचे. पद संपलं की ‘वन्स मोअर’ पहिला त्यांचा. मुलगी गाणं शिकत असावी. ती मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होती आणि काका चुकले की तिचं बोट हवेत थांबायचं. वन्स मोअर मिळाला की नट पुन्हा पहिल्यापासून तन्मय व्हायचा. तिकडे कथा जिथल्या तिथे उभी, आणि इकडे माझी चौकशी मात्र एका अंकानं पुढे.

मध्यंतर झाला. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आता हे ठीक आहे म्हणा. पण फाल्गुनराव बघावा तर गणपतराव बोडसांचा. आणि रेवती बालगंधर्वांची.”

“तुम्ही पाहिलंय, काका?”

“छे! माझा जन्म कुठला तेव्हा. आमच्या आजोबांनी पाहिलं होतं.” थोडं थांबून ते म्हणाले, “म्हणजे त्यांना तिकीट मिळालं नव्हतं. बाहेरून ऐकलं.” एवढ्या पुराव्यावर समोरच्या नटाला ‘ठीक आहे’ म्हणायला धैर्य लागतं.

वड्याच्या रांगेत पुढे एक बाई एकट्याच उभ्या होत्या. यांनी अख्ख्या अंकात फाल्गुनरावांना हसून हसून डोळे पुसलेले मी पाहिलं होतं. तेवढ्यात त्यांचे यजमान आले.

“इतका वेळ कुठे होतात?”

“रांगेत.”

“रांग तर इथे आहे.”

“दुसऱ्या बाजूला होतो.”

“मग वडा कुठाय?”

“संपला.”

“इथे आहे की.”

यजमानांनी वड्यांच्या परातीकडे अशा काही नजरेनं पाहिलं की ती परातच साक्ष फिरवून गेली असावी. बाई पुढे काही बोलल्या नाहीत. नवऱ्याच्या शर्टाचा फक्त वास घेतला. सिगरेट. मग त्या पुन्हा मोकळेपणानं हसल्या आणि म्हणाल्या, “तो फाल्गुनराव काय येडा आहे नाही?”

माझी पाळी आली. वडा गरम होता, हिरवी मिरची तळलेली होती, आणि जीपे फिरत राहिलं. गोल, गोल, गोल. वडेवाले शांतपणे म्हणाले, “सर्व्हर डाउन.” मागची रांग खोकू लागली. रूममेटवर विसंबून मी खिशात एक नोट ठेवली नव्हती. मुलगी मागेच होती. तिचं पैसे देणं लगेच झालं. “दोन वडे. यांचाही घ्या.”

“नको, मी देतो नंतर…”

“असू दे. तिकीट तुम्ही छापील किमतीला दिलंत.” आणि एक घास घेऊन, “खरंच, का दिलंत?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. “हो आई, मध्यंतर आहे. फोटो? कुठला? पडद्याचा… तो कोण म्हणजे? शेजारी आहे. नाही गं, ओळखत नाही. अगं, ओळखत नाही म्हणून तर… बाटली? हो, माझीच. त्याच्या हातात का म्हणजे काय?” ती बोलत बोलत खांबामागे गेली. मी वड्याकडे लक्ष दिलं. महाराष्ट्रातल्या दोन वेगवेगळ्या घरांत, एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन मातोश्री एकाच गुलाबी बाटलीवर येऊन थांबल्या होत्या.

मध्यंतर संपता संपता सरांचं उत्तर आलं. ‘पडदा दिसतो. नाटक दिसत नाही. पडदा कुठलाही असू शकतो.’ प्रयोग चालू असताना फोटो काढायला बंदी आहे असं मी कळवलं. ‘नियम पाळलात हे बरं केलंत,’ सरांनी लिहिलं. ‘पण मग पुरावा काय?’

दुसरा भाग मी खरं तर मन लावून पाहिला. तोवर मी फाल्गुनरावांना हसणं सोडून दिलं होतं. मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटू लागली. घरच्या प्रत्येकाला काहीतरी दिसलं आहे, दिसलेलं सगळं खरं आहे, आणि तरी जे झालं ते काही झालेलंच नाही, हे सांगायचं तरी कुणाला? बाकी देवल कारागीर पक्के. एक गाठ सुटतेय म्हणावं तर तिच्या सुतानं दुसरी आवळली जाते. अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो, रेवती त्याच्यावर, आणि आपण खुर्चीत बसून ओरडावंसं वाटतं की अरे बाबांनो, एकदा समोरासमोर बसून बोला ना. मी तसं पुटपुटलोही. आजींनी ते ऐकलं, माझ्या मांडीवर संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या आणि मुलीकडे मान करून म्हणाल्या, “एक तिला दे.”

मी दिली. काकांनी मागून अर्थपूर्ण खाकरलं.

शेवटी संशय फिटले, जोड्या जुळल्या आणि सगळे नट हात जोडून उभे राहिले. मुलीनं टाळ्या वाजवल्या, बाटली उचलली, ‘बाय’ म्हणाली आणि गर्दीतून झटकन निघून गेली. तिच्या आईचा पुन्हा फोन येत होता. आजींना बाल्कनीचे जिने उतरवत नव्हते, म्हणून मी त्यांचा हात धरला. एकेक पायरी करत आम्ही खाली आलो तर दाराशी मावशी आणि मावसकाका.

“सहज आलो होतो,” मावशी म्हणाली. ती राहते तिथून सहज यायला दोन बस बदलाव्या लागतात.

“मावशी, कुणी नव्हतं. रूममेट आला नाही म्हणून तिकीट विकलं, तर जिनं घेतलं ती शेजारी…”

“मी काही विचारलंय का?” मावशीनं मला बाजूला सारलं आणि आजींना नमस्कार केला. “तुम्ही शेजारीच होतात का?” असं म्हणत तिनं फोन पुढे धरला. आजींनी चष्मा चढवून फोटो न्याहाळला.

“हीच की. गाण्याची जाण आहे हो मुलीला.”

“बोलत होते का दोघं?”

“छे! नाटकभर एक शब्द नाही.”

“भांडण झालं असेल?” मावशीनं हळूच विचारलं.

“भांडण कसलं? मध्यंतरात मिळून वडे खाल्ले. मी जिन्यातून पाहिलं ना. संत्र्याची फोड यानंच दिली तिला.” आजींनी यात एक अक्षर खोटं सांगितलं नाही. हाच तर त्रास होता.

“वड्याचे पैसे कुणी दिले?”

“मुलीनं.”

मावशी हळूहळू माझ्याकडे वळली. तोवर तिच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं, आता तिथे माहेरची अब्रू आली. “तिनं दिले? आणि तू देऊ दिलेस?”

“सर्व्हर डाउन होता.”

“कुठल्या बँकेचा?” मावसकाका एकदम पुढे झाले. ते बँकेतून निवृत्त झालेत.

“तुम्ही थांबा हो जरा,” मावशी म्हणाली, पण तिचं लक्ष भलतीकडे लागलं होतं. “आणि तिकिटाचे तीनशे तिनं तुला कसे दिले? रोख?”

“जीपेवर.”

“म्हणजे नंबर आहे,” मावशी म्हणाली आणि तिथल्या तिथे आईला फोन लावला.